शांत माणसाचे ठोके

३ मार्च, मंगळवार

समुपदेशनाला नवं जोडपं आलं आज. नवरा पोहायला शिकवतो — मनातल्या मनात त्याचं नाव मी 'कोच' ठेवलं. बायकोचं चष्म्याचं दुकान आहे. ती बोलते, तो ऐकतो. म्हणजे ऐकतोय असं दिसतं. "वर्षभर भिंतीवर डोकं आपटतेय मी," चष्मेवाली म्हणाली. तिने वेगळी जागा बघून ठेवलीय, एक तारखेला राहायला जाणार. त्याआधी माझ्याकडे हा शेवटचा प्रयत्न. "नंतर कुणी म्हणायला नको, काही केलं नाही म्हणून." कोच हूं नाही की चूं नाही.

मला हे पक्कं ओळखीचं आहे. भांडणात दगड होऊन बसणाऱ्या माणसाचं काळीज बरेचदा आत धाडधाड उडत असतं. संशोधन तेच सांगतं, माझा इतक्या वर्षांचा अनुभवही तेच सांगतो. त्याला काही वाटत नाही असं नसतं, झेपत नसतं! एकदा हे बायकोला डोळ्यांनी दिसलं की निम्मं काम झालं. पुढच्या खेपेला दोघांच्या बोटांना ते छोटं यंत्र लावते — दवाखान्यात ऑक्सिजन बघतात ना, तेच. ठोकेही दाखवतं.

५ मार्च, गुरुवार

घरी नवऱ्याला सांगितलं. म्हणे, "मला लावू नकोस, यंत्र घाबरेल." आगाऊ मेला!

१० मार्च, मंगळवार

फजिती!

सुरुवातीलाच मी चष्मेवालीला म्हणाले, "यांच्या आत किती धडधडतंय ते बघाच तुम्ही आता." वर हसलेसुद्धा. विषय तिनेच काढला — तो हल्ली बाहेरच्या खोलीत झोपतो. तिचा आकडा भराभर चढला, शंभराच्या पुढे. त्याचा? साठ. बासष्ट. ढिम्म! मी त्याचं बोट बदललं. मग दोघांची यंत्रं अदलाबदल केली. तरी तेच.

चष्मेवालीने वाकून त्याचा आकडा पाहिला. "म्हणजे खरंच काही वाटत नाही याला." रडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती पर्स आवरायला लागली. "आकडा म्हणजे माणूस नव्हे" वगैरे मी काहीबाही बोलले. तिने ते ऐकलंही नाही. कोच चपलांकडे बघत बसला होता.

११ मार्च, बुधवार

मोठ्या बाईंना फोन केला. त्यांच्याच हाताखाली शिकले, अजूनही केस अडली की त्यांनाच गाठते. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न —

"औषधं विचारली होतीस?"

"विचारली की! पहिल्याच दिवशी. काही नाही म्हणाला."

"कोणासमोर म्हणाला?"

झालं. एका सोफ्यावर शेजारी शेजारी बसवून विचारलं होतं मी! शिकाऊ मुलीने असं केलं असतं तर तिला फाडून खाल्लं असतं. आणि वर आकडा दिसण्याआधीच बायकोला शब्द देऊन मोकळी!

असो. रडत बसण्यात अर्थ नाही, अजून वेळ आहे. दोघांना एकेकटं बोलावलं. फोनवरच बजावलं — एकट्याने सांगितलेलं दोघांच्या संसाराशी संबंधित असेल तर मी ते दुसऱ्यापासून लपवणार नाही.

१७ मार्च, मंगळवार

कोच आला. पुन्हा विचारलं. खिडकीकडे बघत म्हणाला, "ठोके मंद ठेवायची गोळी घेतो. वर्ष होत आलं."

हृदयाचं दुखणं. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं नाही, पण जपायला हवं. रात्री मध्येच छातीत धडधडतं, उठून बसावं लागतं, म्हणून बाहेरच्या खोलीत झोपतो. आवाज चढला की उठून जातो, तेही त्यामुळेच. तिला यातलं काहीच ठाऊक नाही!

"सांगितलं का नाही?"

"सोडून जाईल ती."

"अहो, ती तशीही चाललीय!" मी ओरडलेच. बैठकीत ओरडायचं नसतं, पण ओरडले. तो पहिल्यांदा हसला. पुढच्या मंगळवारी सांगतो म्हणाला, तुम्ही तिथे असा.

सांगेल तो. माझी खात्री आहे. आणि सांगितलं की ती थांबेल, हीसुद्धा.

१९ मार्च, गुरुवार

चष्मेवाली एकटी आली. नव्या जागेची किल्ली मिळाली म्हणाली. ते त्यानेच सांगायला हवं, म्हणून जिभेच्या टोकावर आलेलं सगळं गिळलं. मंगळवार एवढा लांब कसा असतो?

२४ मार्च, मंगळवार

सांगितलं त्याने. "गेल्या वर्षी तुझ्या बाबांचं आजारपण, मग दिवसकार्य, सगळं आटोपून आपण घरी आलो, तेव्हा दारातच म्हणालीस, यापुढे कुणाचं आजारपण माझ्याच्याने निघायचं नाही. मग कसं सांगणार होतो?"

चष्मेवाली त्याच्याकडे वळली.

"दमले होते रे मी. नुसती दमले होते."