परत आलेला चुडा

मुरुड, जिल्हा लातूर
ता. १९ एप्रिल १९८३

पार्सल परतच पाठवायचं होतं तर उघडून तरी पाठवायचं. वरचा दोरासुद्धा सोडला नाहीस. पोस्टमन म्हणाला, मावशी, नायगावहून परत आलंय. मी आधी त्यालाच बोलले. म्हणलं, जिल्हा नवा झाला तर तुम्हा लोकांना अजून लातूर कुठं अन् उस्मानाबाद कुठं कळंना, कुठं कुठं हिंडवलंत कुणास ठाऊक. त्यानं गुमान डबा उलटा करून दाखवला. मागं तुझं अक्षर. घेणार नाही.

असो. चि. शिवकांता, शरणार्थ. नातीला अव्वाचा आशीर्वाद. तो तरी परत पाठवू नकोस.

इकडं सगळे आहेत तसे आहेत. टँकर चौथ्या दिवशी येतो आणि बायका त्याच्यामागं तांड्यासारख्या पळतात. मीही पळते. माणिकप्पा मामाची कंबर धरली आहे. महानंदा मामी बरी आहे, तिला काय धाड भरलीय. ती म्हणत होती, अव्वा, तुम्ही सांगा, मी पत्र लिहून देते. म्हणलं, तू भाकरी बघ. माझी शाळा दुसरीतच सुटली, एक ओळ लिहायला घटका लागते, तरी हे दुसऱ्याच्या हातानं लिहायचं नाही.

पार्सलात काय होतं ते ऐक.

माघात आम्ही हैदराबाद बघून आलो, तुझे अप्पा आणि मी. गावानं लई नावं ठेवली. लोक बैल विकायला लागले आणि ह्या म्हाताऱ्यांना चारमिनार सुचला. माणिकप्पा तर तोंडावरच बोलला. ऐकून घेतलं, कारण चारमिनार निस्तं निमित्त होतं. अप्पांच्या गळ्यात गाठ होती. दिवाळीपासून आवाज बसला होता तो उठलाच नाही. माणिकप्पाला सांगावं, तर तो आधी रडतो, मग ऐकतो. म्हणून दोघांनी ठरवलं, कुणाला बोलायचं नाही.

दवाखान्याचं काम पहिल्याच दिवशी दुपारच्या आत झालं. डॉक्टरानं अप्पांना बाहेर बसवलं आणि मला हिंदीत सांगायला लागला. मला सगळं कळत होतं. मी मान हलवली, म्हणलं, हिंदी नहीं आती. मग त्यानं अप्पांना आत बोलावलं आणि त्यांचं त्यांनाच सांगितलं. निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला माणूस, त्यांना हरेक शब्द कळला. माझ्या तोंडानं सांगायची पाळी यायला नको म्हणून मी तसं केलं. कळून न कळल्यासारखं करायची मला जुनी खोड आहे. ती पुढं महाग पडली.

घरी चार दिवसांचं सांगून आलो होतो. त्याच दिवशी परतलो असतो तर माणिकप्पानं ओळखलं असतं. आणि चारमिनार बघायला गेलेली माणसं रिकाम्या हातानं येत नाहीत. म्हणून बाजार करायचा ठरला. लॉजात खोलीतच नळ होता. मी सवयीनं बादली भरली, तांब्या भरला, पेले भरले, मग अजून काय भरायचं म्हणून बघत राहिले. अप्पा हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता.

बाजाराची अडचण अशी, की भाव करायचा कुणी? माझी हिंदी कामापुरती आणि त्यांचा आवाज गेलेला. तुला ठाऊक आहे, त्यांची जिनगानी लातूरच्या आडतीत गेली. तिथं जुन्या लोकांचे भाव तोंडानं होत नसत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून होत. आजूबाजूच्याला काही कळायचं नाही. मी लग्नापासून विचारत होते, मला शिकवा. म्हणायचे, बायकांचं काम नाही. त्या दिवशी लॉजातल्या खाटेवर बसून शिकवलं. बोट ओढलं की भाव पाड. मनगट धरलं की ऊठ, दुसरं दुकान बघ. पंजा दाबला की झालं, घे.

मग आम्ही दोन दिवस असे हिंडलो, उपरण्याखाली हातात हात घेऊन. लोकांना वाटलं असेल म्हातारपणी चळले. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, रस्त्यानं मी त्यांचा हात कधी धरला नव्हता. माणिकप्पाला पितळेचा चारमिनार घेतला. एक मिनार वाकडा निघाला, तो अप्पांनी दुकानदाराला बोटानं दाखवून बदलून घेतला. महानंदाला लुगडं घेतलं. शेजारणींना मोत्याच्या माळा. इथं आल्यावर एकीनं विचारलं, खऱ्या हायेत का? म्हणलं, खऱ्या असत्या तर तुला दिल्या असत्या का?

तिसऱ्या दिवशी ते मला चारमिनारच्या बगलेला लाड बाजारात घेऊन गेले. गल्लीच्या गल्ली बांगड्यांची. मी म्हणलं, सगळ्यांचं झालं, आता बांगड्या कुणाला? त्यांनी कोपरीच्या खिशातून रुमाल काढला. रुमालात तुझी हिरवी बांगडी होती, लग्नाआधीची. न्हाणीच्या कोनाड्यात पडलेली असायची ती. मला वाटलं मी ती कवाच उकिरड्यावर टाकली.

ती त्यांनी मापाला पुढं केली. दुकानदार म्हणाला, किसको होना अम्मा, बहू को? मी तोंड उघडायच्या आत अप्पा बोलले. नवासी. म्हणजे लेकीची लेक. त्या सबंध दिवसात तेवढा एक शब्द बोलले.

लाखेचा चुडा, हिरवा, बारीक खडे लावलेला. आईमागं तू आमच्याच घरात वाढलीस, तरी तुझ्या लग्नात माहेरचा चुडा भरला नाही, तो हा. दुकानदारानं भाव सांगितला. मी निम्म्यावर आणणार, तेवढ्यात अप्पांनी पंजा दाबला. पहिल्याच बोलाला. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पुन्हा दाबला.

म्हणजे पार्सल माझं नव्हतं, पोरी. माझं असतं तर परत पाठवलंस ते बरोबरच केलंस म्हणले असते.

आता उरलेलं. फाल्गुनात अप्पांनी अंथरूण धरलं. आवाज तर गेलाच होता, हातात पेन्सिल धरवत नव्हती. एके दिवशी माणिकप्पा समोर बसलेला असताना त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि हातातल्या बांगड्या मागंपुढं करायला लागले. एकदा बांगड्यांकडं बघायचे, एकदा दाराकडं. माणिकप्पा म्हणाला, अव्वा, अप्पा काय म्हणतेत? मी म्हणलं, पाणी मागतेत. पाणी आणलं. त्यांनी ओठ मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी परत पाणी दिलं.

मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. त्यानंतर अप्पा आठ दिवस जिवंत होते. नायगावची गाडी एका दिवसात इथं येते.

कामून बोलावलं नाही विचारशील. तुला बोलावलं असतं तर भुजंगरावही आला असता, आणि जावई आपल्यातला नाही म्हणून चार वर्षांमागं मीच भावकीसमोर म्हणलं होतं, आमची नात मेली. बोललेलं गिळायला मला जड गेलं. दुसरं काही कारण नाही. शोधलं, सापडलं नाही.

आपल्यात माणसाला बसवून माती देतात, तुला माहीत आहे. घरच्या हरेकानं बेलाचं पान ठेवायचं आणि मूठभर माती टाकायची. सगळ्यांचं झाल्यावर स्वामींनी विचारलं, घरचं कुणी राहिलं का? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलं, कुणी नाही. मग माती लोटली.

अजून एक. लग्नानंतर तुम्ही दोघं दारात आला होता, तेव्हा अप्पांनी दार लावायला लावलं असं तू धरून बसली आहेस. मी चार वर्षं तसंच राहू दिलं. अप्पा माजघरातून उठून येत होते. ते ओसरीवर पोचायच्या आत कडी मी घातली. तू बाहेरून हाक मारलीस तेव्हा ते माझ्या मागं उभे होते. मी दारातून हलले नाही.

डबा माझ्यापाशी आहे. पोस्टानं पुन्हा पाठवणार नाही. मी स्वतः नायगावला येऊन तुझ्या हातात चुडा भरीन म्हणते. विधवेच्या हातचा चुडा चालत नसेल तर समोर ठेवीन, तू भर. पण त्या घराची पायरी मला अशी चढता येत नाही. तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात तुझ्या सासूबाई, चतुराबाई, एकट्या इथं आल्या होत्या. वैशाखाचं ऊन, दिवसभराचा प्रवास, ओटीत नारळ. म्हणाल्या, झालं गेलं सोडा, पोरीला माहेर पाहिजे. मी त्यांना बस म्हणले नाही, पाणी विचारलं नाही. म्हणलं, तुमची सावली आमच्या ओट्यावर पडली ती धुवायला लागंल. त्या नारळ तिथंच ठेवून निघून गेल्या. त्यांनी हे तुला सांगितलं नाही, ह्यावरून बाई कशी आहे ते मला कळलं, पण लई उशिरा.

म्हणून मी यायचं का नाही, हे तू ठरवायचं नाही. भुजंगरावांनीही नाही. हे पत्र चतुराबाईंना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखव, मी त्यांना बोलले ते गाळू नकोस. उत्तर त्यांनी सांगायचं, तू निस्तं उतरून घ्यायचं. शिव्या दिल्या तर शिव्या लिही. तुझा एक शब्दही त्यात घालायचा नाही.

अव्वा