मेलेल्या शब्दाची पाटी

४ मार्च २०१९, सोमवार

"बाई, तो शब्द मेलाय!" — म्हणे मेलाय! आमचे नगराध्यक्ष सी लमीन आज भर सभेत मला असं समजावत होते, जणू त्या शब्दाच्या मयताला हे स्वतः खांदा देऊन आलेत आणि मलाच निरोप पोचला नाही.

पाटी जिवंत आहे की! दफनभूमीच्या फाटकावर हिरव्या रंगात, गेल्याच वर्षी नव्याने रंगवलेली: शूशानांची दफनभूमी. रस्त्याच्या पलीकडे दुसरं फाटक. त्यावर नुसतंच — दफनभूमी. मेलेली माणसं तिकडे जातात. मेलेले शूशान इकडे.

मालकाने मोकळ्या केलेल्या गुलामाची औलाद म्हणजे शूशान. गुलामी कायद्याने संपून पावणेदोनशे वर्षं होत आली. औलाद काही संपली नाही. मीच आहे ना! तीस वर्षं यांच्या पोरांना अरबी शिकवली, शिक्षक संघटनेच्या व्यासपीठावरून दोन मंत्र्यांना घाम फोडला, आणि मेल्यावर फाटक हे.

ट्यूनिसहून एक विद्वानही मागवला होता. डॉक्टर शाकिर. सुटाला इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री. "हा शब्द कालबाह्य आहे. नव्या पिढीला अर्थ ठाऊक नाही. ज्याचा अर्थच कुणाला कळत नाही, त्याने अपमान कोणाचा होणार?"

मी उठले. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुमच्या मुलीचं लग्न ठरलंय असं ऐकलं. मुबारक! लग्नात सगळ्यांसमोर जावयाला 'ये रे शूशाना' म्हणून हाक मारते. चालेल ना? मेलेलाच शब्द आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "तो वेगळा मुद्दा आहे."

वेगळा! यांचा अपमान हा मुद्दा, आमचा अपमान हा भाषेचा इतिहास.

६ मार्च

फरजल्ला मामाकडे गेले होते. चुलीवर चहा, मांडीवर ढोल. पंचाऐंशीच्या पुढे गेलाय, पण अजून कातडं ताणून बघतो. पन्नास वर्षं सी लमीनच्या घराण्यातलं एकही लग्न याच्या ढोलाशिवाय लागलं नाही. वरातीपुढे त्यांच्या सात पिढ्यांची नावं तोंडपाठ गायची — आणि शेवटी, "आणि मी तुमचा शूशान!" की सगळ्या बायका टाळ्या पिटणार.

"पाटीवरून भांडलीस म्हणे," मामा म्हणाला. "भांड. तुला भांडल्याशिवाय अन्न पचत नाही. पण माझं तेवढं काम कर पोरी. मला हाजच्या शेजारी जागा पाहिजे."

हाज बलगासिम म्हणजे सी लमीनचे वडील. मामाचे दूधभाऊ. माझ्या आजीने, म्हणजे मामाच्या आईने, दोघांना एकदमच पाजलं.

"उजवी त्याची, डावी माझी. आई म्हणायची, उजवीला दूध जास्त."

"आणि तुला राग नाही आला?"

"राग कसला? एका दुधाचे भाऊ झालो. त्याची बहीण मला लग्नाला हराम! नाहीतर काय, दिलीच असती बघ मला!" — आणि खोकला येईपर्यंत हसला.

मरताना हाजने हात धरून सांगितलं होतं, "फरजल्ला, माझ्या डाव्या बाजूची जागा तुझी." लमीन उशाशीच होता. "हो बाबा," म्हणाला होता. मामाने ते "हो बाबा" आजवर जपून ठेवलंय.

पण हाज निजलाय पलीकडच्या फाटकात.

२२ मार्च

शुक्रवारच्या बाजारात, मासळीच्या कट्ट्यावर उभी राहून तासभर बोलले. घसा फाटला. शेवटी म्हटलं, "शब्द मेलाय ना? मग पुरा त्याला! तुमच्या फाटकात पुरा, आमच्यात जागा नाही!"

टाळ्या! मासळीवाली झहवा तर सुरी आपटत होती.

सी लमीन लांबून ऐकत उभे. हात छातीवर. यांना हात छातीवर ठेवायला कोण शिकवतं देव जाणे. हृदय सोडून सगळं असतं तिथे.

९ एप्रिल, मंगळवार

जिंकले! पाटी बदलायचा ठराव झाला. एकमताने! डॉक्टर शाकिरांनी पत्र पाठवलं — आपण पहिल्यापासून याच मताचे होतो. सरड्याने यांच्याकडे शिकवणी लावावी.

नवं नाव मलाच सुचवायला सांगितलं. म्हटलं, "रहमत." देवाची दया. ज्या शब्दाने आपण सकाळ-संध्याकाळ देवाला आठवतो, त्याला घाण लावायची कुणाची छाती आहे?

शिडी सी लमीनने स्वतः धरली. सरबत वाटलं. फोटो निघाले. नवी अक्षरं खरंच देखणी आहेत.

मामासाठी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. "काकांची जागा? अहो बाई, हे काय विचारणं झालं! ते माझे काकाच!"

ठीक. तोंडाने तरी म्हणाला.

१४ मे

रोजे चालू. मामाला उठवत नाही. आज सूपही नको म्हणाला. ढोल पायथ्याशी ठेवायला लावला.

२३ मे, गुरुवार

मामा गेला. सकाळी.

दुपारच्या नमाजानंतर जनाजा निघाला. सी लमीन आले, खरंखुरं रडले — तेवढं खोटं लिहिणार नाही — आणि पुढचा डावा खांदा त्यांनीच दिला. आमच्याकडे बायका दफनाला जात नाहीत. मी गेले. मागून कोणीतरी, "बाई, घरी थांबा." मी म्हटलं, "तू थांब."

दोन फाटकांमधल्या रस्त्याला जनाजा आला आणि वळला. रहमतकडे! कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. पावलांनाच पाठ होतं. खड्डा आधीच खणून तयार.

मी आडवी आले. "लमीन! पलीकडे! तुझ्या बापाच्या डाव्या बाजूला!"

ते हळूच म्हणाले, आवाज अगदी मऊ, "बाई, मयतासमोर तमाशा नको. तिकडे आमच्या घराण्याची जागा आहे. आणि इथे काय कमी आहे? रहमत! नाव तर तुम्हीच दिलंत."

"हाजला तू शब्द दिला होतास!"

"बाबा आजारी होते. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो."

एकजण म्हणाला, "रोजा आहे बाई, माणसं उन्हात उभी आहेत." मी बाजूला झाले. का झाले? जनाजा खांद्यांवर हलायला लागला होता. मामा पडला असता.

माती टाकायला लमीन सर्वांत पुढे.

२४ मे

लिहिण्यासारखं काही नाही. ढोल माझ्याकडे आणलाय.

२९ मे

सानियाकडे गेले, गाबेसला. माझी विद्यार्थिनी, आता वकील. वर्गात बोलायला लाजायची, आता न्यायाधीश हिला लाजतात. वंशावरून भेदभाव करणाऱ्याला शिक्षा देणारा नवा कायदा झालाय ना, म्हटलं लाव दावा.

"कशावर लावू बाई?"

"दोन फाटकं! आंधळ्यालाही दिसतील."

"दिसतील. पण ते म्हणणार, ही घराण्याची जागा, ती सार्वजनिक. वंशाचा संबंध काय? पाटी होती ना, ती होती पुरावा. त्यांच्याच रंगाने, त्यांच्याच पैशाने लिहिलेला. आता तिथे रहमत आहे. रहमतविरुद्ध काय लिहू?"

मी तिला काहीतरी तिखट सुनावलं. कॉफी तशीच ठेवून उठले. मुलीचं काय चुकलं होतं? बरोबर बोलली, एवढंच.

पुरावा पुसायला शिडी त्याने धरली. नाव मी सुचवलं!

८ जून, शनिवार

ईद होऊन गेली. झहवाने आज चांगला मासा निवडून दिला, हात धरून म्हणाली, "कळलं बाई. तुमच्या रहमतवाल्यांत म्हातारं माणूस गेलं म्हणे. वाईट झालं."

रहमतवाले!

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. डोळे भरून आले होते तिचे. दोन महिने नाही झाले, आणि माझा शब्द कामाला लागला. शिवी जुनी की नवी, शब्दकोशात आहे की नाही — त्या डॉक्टरला बसू द्या वाद घालत. फेकणारा हात तोच असला की कोणताही धोंडा चालतो. मी यांना धुतलेला धोंडा आणून दिला.

आणि जुना? जुना निदान खोटं बोलत नव्हता. फाटकावर स्वच्छ सांगत होता, आत कोण आणि का.

संध्याकाळी रंगवाल्याकडून डबा आणला. हिरवाच. "घर रंगवता का बाई?" — "हो."

१० जून, सोमवार

भर दुपारी, सगळ्यांदेखत, माझ्याच घरची शिडी लावून जुनी पाटी पुन्हा लिहिली. फळ्यावर लिहायचे तसं अक्षर. शूशानांची दफनभूमी. खाली माझं पूर्ण नाव — मसऊदा, फरजल्लाची भाची. शिडी धरायला कोणी आलं नाही. झहवा आली.

११ जून

पोलीस आले होते. माझ्याविरुद्ध तक्रार. सार्वजनिक पाटीवर "वंशाचा अपमान करणारा शब्द" लिहिल्याबद्दल. नव्या कायद्याखाली. खाली सही — सी लमीन!

सानियाला फोन केला. बराच वेळ ती नुसती हसत होती. मग म्हणाली, "बाई, तो शब्द वंशाचा अपमान आहे, हे आता त्यांनीच सही करून दिलंय. पाटी पुसू देऊ नका. येते मी."