टॉनिक हा माझाच शब्द

परळ, मंगळवार, फेब्रुवारी १९५८

पाय दुखताहेत. तरी जेवायच्या आधी लिहून टाकते, नाहीतर घास उतरायचा नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या सदाशिवला खोकताना परत रक्त पडलं. दवाखान्यातून दर महिन्याला त्याच्या गोळ्या मीच पोचवते. दिवाळीनंतर तो मिलमध्ये जायला लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात सगळ्यांच्या वर त्याचा आवाज ऐकला, तेव्हा मी किती खूश! गोळ्या त्याने तेव्हाच सोडल्या होत्या.

का सोडल्या, म्हणून आज विचारलं. त्याची बायको म्हणाली, "बाई, ह्यांना ताकद आली. मग टॉनिक कशाला? उरलेलं गावी सासूबाईंना धाडलं."

टॉनिक. शब्द माझाच. क्षय म्हटलं की शेजारी नळावर भांडं लावू देत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी गॅलरीत मी मोठ्याने म्हणाले होते, टॉनिक आणलंय हो! एवढं चांगलं औषध निघालंय, माणसं घरच्या घरी बरी होतात, आणि मी त्याचं नाव लपवते? पण दुसरं काय करायचं होतं?

आज दार लावून दोघांना सांगितलं: हा क्षय आहे, बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. तिने तोंडाला पदर लावला. तो भिंतीकडे वळला.

बाहेर शेजारीण उभीच. "काय झालंय हो सदाशिवला?"

त्याची बायको दारातून माझ्याकडे बघत होती.

"अशक्तपणा," मी म्हणाले. "टॉनिक दिलंय."