अळसांद्याचं पाणी

१२ जानेवारी, आमोणे

शी! पुन्हा वांग्यात अळी. लठ्ठ, गुलाबी, आपल्याच घाणीत लोळत होती. विळी तिथंच टाकली आणि मागीलदारी जाऊन ओकले. अकरावीला जीवशास्त्र शिकवते मी — आणि ही माझी गत!

सासरे ओसरीवरून, "अश्विनी, तूं किड्यांक वखद मारता काय जेवण वाडटा?" औषध मारतेस की जेवण वाढतेस, म्हणे!

कच्चे अळसांदे, म्हणजे इथली चवळी, भिजवून, वाटून, गाळलेलं पाणी फवारते. त्यातलं प्रथिन अळीचं पचन बंद पाडतं. ती खात राहते, पण अंगी लागत नाही. आठवडाभर झुरून मरते. फळ्यावर छान वाटतं! इथं पाच दिवस झाले, अळ्या गुबगुबीत.

सासरे दहाच दिवस थांबणार. मग दुकानातलं विष. गेल्या वर्षी तेच फवारताना बांधावर कोसळले होते, तोंडाला फेस. आणि माझी सेजल, सहा वर्षांची, दिवसभर त्याच वाफ्यात.

१४ जानेवारी

हाताचा वास जात नाही. आंबूस, फुगलेल्या कडधान्याचा. साबण झाला, लिंबू झालं. जेवण नको वाटतं.

१६ जानेवारी

कपाळ माझं! पहाटे उठले तर सासूबाई माझं पाणी चुलीवर उकळतायत. रोज उकळतात म्हणे!

"कच्च्याचो वास घरभर सुटता गो. म्हूण एक उकळी काडटां."

उकळलं की प्रथिन संपलं. म्हणजे नऊ दिवस मी त्या घाणेरड्या अळ्यांना सार पाजत होते! बोलणार काय त्यांना, मदतच करत होत्या.

संध्याकाळी कच्चं फवारलं. सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, आणखी आठ दिवस द्या." "बरें," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

१८ जानेवारी

मेल्या! सगळ्या! झाडांखाली खच पडलाय, काळ्या, वाकड्या. बघवत नाही, पण काय आनंद! सासरे डिचोलीच्या बाजारात गेलेत, आले की दाखवते. दुपारी सेजलला रवा लावून वांग्याचे काप तळून दिले. चार खाल्ले!

१९ जानेवारी

दोन दिवसांत मरत नाहीत त्या. आठवडा लागतो. मीच लिहिलंय वर.

सासऱ्यांना विचारलं. मान खाली. "परवां फांतोडेर मारलें. पंदरा दीस वांयगीं काडूंक जायनात… तुका सांगपाचें रावलें." परवा पहाटेच विष मारलं, पंधरा दिवस वांगी काढायची नाहीत, आणि मला सांगायचं राहिलं!

सेजल अंगणात खेळतेय. सारखी जाऊन तिच्या कपाळाला हात लावते. मग परत विळीवर बसते. काल काप केले त्याच ओळीतली वांगी एकेक करून चिरतेय. देवा, एक तरी जिवंत अळी निघू दे.