भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा

३ मार्च, सोमवार

चि. ठमे,

आशीर्वाद. माझा गुडघा आहे तसाच आहे, तुझी वहिनी बरी आहे आणि माझ्यावर नेहमीइतकीच वैतागलेली आहे. तुझे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. फोनवर तू रडतेस, आणि रडणारी माणसं मला ऐकवत नाहीत, म्हणून पत्र.

शाळेने तुझ्या लेकीला कायम का केलं नाही, असं विचारतेस. सांगतो. पण आधी ती शिकवते कशी ते ऐक.

पाचवीचा वर्ग, इंद्रधनुष्याचा धडा. मी हा धडा चौतीस वर्षं शिकवतोय. फळ्यावर ता-ना-पि-हि-नि-पा-जा लिहायचं, पोरांकडून दहादा घोकून घ्यायचं, पंधरा मिनिटांत विषय खलास. वीस वर्षांनी बाजारात भेटलेला ठोंब्यासुद्धा खाडकन म्हणून दाखवतो. आणि आपली शहाणी काय करते? घरून परात आणते! परातीत पाणी, पाण्यात तिरका आरसा, खिडकीतून ऊन, समोर भिंतीला कागद आणि कागदावर रंग. इथवर ठीक. एवढं कुठल्याही जादूगाराला जमतं.

मग तिने एकेका पोराला पेन्सिल घेऊन बोलावलं. "एक रंग संपला असं तुला जिथे वाटतं, तिथे रेघ मार." वाटतं म्हणे! विज्ञान आहे की मतदान? एका दिवट्याला चारच रंग दिसले, एकीला नऊ. रेघांनी कागदाचा पार उकिरडा झाला. मी मागच्या बाकावर बसून बघत होतो. मोठ्या बाईंनीच मला तिचा तास बघायला बसवलं होतं.

पुढच्या बाकावर एक ढापणी आहे. एरवी तोंडातून शब्द फुटत नाही. ती म्हणाली, "बाई, यात पारवा कुठेय? मला सहाच दिसतात."

म्हटलं, आता तरी ही त्या पोरीला ताळ्यावर आणेल. छे! तुझी लेक म्हणते, "मलाही सहाच दिसतात गं. रंगांच्या मध्ये कुंपण नसतंच. सात हा आकडा माणसांनी ठरवलाय." आणि माझ्याकडे वळून, हसत, "सर, तुम्हाला किती दिसतात?"

चाळीस माना वळल्या.

"सात," मी म्हणालो. बसल्या जागेवरून. कागद पार खिडकीपाशी होता आणि माझा चष्मा शिक्षकांच्या खोलीत.

मोठ्या बाईंना विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून त्या जुन्या शिक्षकाचा अभिप्राय मागवतात, शेवटची ओळ तेवढी वाचतात आणि सही ठोकतात. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होतं. शेवटची ओळ होती, 'विषयाचे मूलभूत ज्ञान नाही. कायम करू नये.'

हो, मीच लिहिली. तुला काय वाटलं, शिपायाने लिहिली? "दादा आहे तिथे, मी निर्धास्त आहे," असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. लहानपणापासून तुझं हेच. कुणावरही डोळे मिटून विश्वास टाकायचा आणि मग भोकाड पसरायचं.

लेक तुझ्यावरच गेलीय. शुक्रवारी जाताना मला म्हणाली, "मामा, परात ठेवून जाते, तुम्हाला उपयोगी पडेल." अभिप्राय कुणाचा हे तिला अजून माहीत नाही. बावळट कुठली!

शनिवारी शाळा सुटल्यावर मी परात भरली. चष्मा घातला, नवा कागद लावला, रेघा मारल्या. सहा पट्टे. आरसा पुसला, पाणी बदललं, ऊन सरकलं तशी परात सरकवली. सहाच! जो रंग लिहिला नाही म्हणून मी पोरांच्या हातावर छड्या ओढल्या, तो मी जन्मात पाहिलेला नाही. पाहायला गेलोच नव्हतो. चौतीस वर्षं ज्याला त्याला गाढव म्हणत आलो, आणि गाढव फळ्यापाशी उभं होतं.

आज सकाळी मोठ्या बाईंना म्हणालो, अभिप्राय मागे घेतो. त्या म्हणाल्या, "आता कुठे, सर? नव्या बाई उद्यापासून येतायत. आणि तुम्ही कशाला मनाला लावून घेता? सातच असतात की!" बघ, माझ्या बाजूला कोण उभं आहे ते.

आजच्या दिवस पाचवीवर मीच गेलो. इंद्रधनुष्यात रंग किती, असं विचारलं. सगळा वर्ग ओरडला, "सात!" मी ढापणीला उभं केलं. "तू सहा म्हणाली होतीस ना?"

"चुकलं, सर. सातच असतात," ती म्हणाली. मग खाली बघत, अगदी हळू, "मी आता सातच म्हणेन. मग बाई परत येतील?"

ठमे, त्या पोरीला वाटतंय, तिच्यामुळे बाई गेल्या. मी घंटा होईपर्यंत फळा पुसत राहिलो.

हे पत्र लेकीला वाचायला दे. तू सांगू नकोस, तिलाच वाचू दे.

मामा म्हणवून घ्यायला नालायक,
तुझा दादा