आसरांच्या विहिरीचं झाकण

करंजाडे,
सोमवार, १२ मे २०२५

चि. जयप्रकाश यास,
तुझ्या तायचे अनेक आशीर्वाद.

मी इथे बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण साइटवर चालण्याचंच काम, म्हणून त्याचं फारसं ऐकत नाही. तुझी शुगर कशी आहे? लग्नघरात तू पथ्य पाळत असशील यावर माझा काडीचा विश्वास नाही. तुझ्या बायकोला, मीनाला सांग, वडे तळताना तुला जवळ फिरकू देऊ नको.

भाविकाची पत्रिका तुझ्या पुतण्याने, शिवाने आत्ताच आणून दिली. तो खाली रिक्षात बसलाय. त्याला चहा पाठवून थांबवलंय आणि घाईघाईत हे लिहिते आहे. तू दोन वर्षांपूर्वी माझा नंबर ब्लॉक केलास, मग पत्राशिवाय काय करू? पत्रिकेवर 'आत्या' म्हणून माझं नाव छापलेलं पाहिलं आणि खरं सांगते, जयू, मी रडले. मला वाटलं होतं, माझ्याविनाच पोरीला हळद लागणार.

तुझा राग मी विसरलेले नाही. तुझ्या घरामागचं कचऱ्याचं डम्पिंग बंद होऊन, वर माती-गवत घालून वर्षं झाली, तरी त्याच्या भिंतीलगतच्या विहिरींचं पाणी तपासायचं काम आमच्या लॅबकडे आहे. आपल्या विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं निघालं. मी तसा रिपोर्ट दिला आणि तुझ्या चाळीतले भाडोत्री एकेक करून निघून गेले. "तुज्या बाटल्यांनी माजं घर बुडवलं. परत माज्या आंगनात पाय ठेवायचा नाय," असं तू सगळ्या गावासमोर म्हणालास. मग तू विहिरीवर स्लॅब टाकलास, लोखंडी झाकण बसवलंस आणि म्हणालास, आता तपास काय तपासायचं ते. तुझा हट्ट मला पाळण्यापासून ठाऊक आहे. मीही काही कमी नाही. नाही आले.

परवा मीनाचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, घाबरली आहे. म्हणाली, "ताय, आसरा रुसल्यात. हलदीच्या आदी एकदा दिवा सोडून बगितला, तर पाण्यापरेंत जायच्या आदीच इजला. तीनदा सोडला, तीनदा इजला. भगत बोलला, घरची लेक रुसलेली हाय, तिच्याच हातानं दिवा सोडा. तवर झाकन उगडायचं नाय."

म्हणजे मला बोलावणं आलं ते तिथून. आपल्या घरात विहिरीतल्या जलदेवतांचा, आसरांचा दिवा परडीतून विहिरीत सोडल्याशिवाय हळदीचं पाणी काढत नाहीत, आणि तो मान आत्याचा. तुझ्या लग्नात आपल्या आत्याने सोडला होता. भाविका जन्मली तेव्हापासून मी या दिवसाची वाट पाहत होते. मला स्वतःचं मूल नाही, तुला माहीत आहे.

आता जे सांगायचं ते टाळून टाळून इथवर आले.

गेल्या गुरुवारी मी तुझ्या घरामागे होते. डम्पिंगच्या भिंतीला लागून आमची बोअर आहे ना, जिच्यात नळी सोडून आम्ही जमिनीतला गॅस मोजतो, तिथे. नळी सोडताच मीटर ओरडायला लागला. आधी वाटलं बिघडला. दुसरा लावला, तोही ओरडला. कचरा कुजून होतो तो गॅस, मिथेन. वरून मातीने तोंड दाबलं की तो आडवा सरकतो आणि जिथे पोकळी मिळेल तिथे भरतो. भिंतीपलीकडे सगळ्यात मोठी पोकळी आपली विहीर आहे, आणि तिला तू झाकण घातलंयस.

मी ऑफिसला लगेच कळवलं. साहेब म्हणाले, पुन्हा रीडिंग घ्या, मग पत्र काढू. भिंतीपलीकडे तुझा मांडव दिसत होता, भाविकाचं हसणं ऐकू येत होतं. मला हाक मारता आली असती. मी अंगणात न येण्याच्या हट्टाला चिकटून राहिले आणि बॅग उचलून निघून आले. त्याची मला लाज वाटते.

दिवा आसरांनी विझवला नाही रे. आत श्वास घेण्याजोगी हवाच उरलेली नाही, म्हणून तो विझला. पण झाकण उघडलं की तोंडाशी गॅसमध्ये बाहेरची हवा मिसळते, आणि तिथे दिवा विझत नाही, गॅस भडकतो. त्या तीन वेळी भडकला नाही हे तुमचं नशीब, तेव्हापासून झाकणाखाली तो साठतोच आहे. विहिरीच्या तोंडाशी कोण उभं असणार आहे? पिवळी साडी नेसलेली भाविका आणि हातात दिवा घेतलेली मी. मागे बायका, कडेवर पोरं. मीना म्हणाली, मांडवाचे पडदे चहूबाजूंनी लावलेत आणि वड्यांची चूल विहिरीच्या बाजूलाच मांडलीय. हे तिला फोनवर सांगायला गेले तर म्हणाली, "ताय, शुब बोला," आणि फोन ठेवला.

चूल हलव. पडदे सोड. झाकणाला कोणी हात लावू नका. मी फायर ब्रिगेडला कळवते, ते येऊन बघतील. हळदीचं पाणी नळाचं घे. पाप लागलं तर मला लागू दे. मी रुसलेली नाही, जयू, आणि आसराही रुसलेल्या नाहीत. एवढं ऐक आणि मग हवं तर जन्मभर माझ्याशी बोलू नकोस.

तुझी,
ताय

ता. क. पत्र पाकिटात घालायला शिवाला वर बोलावलं. त्याला सहज विचारलं, घरी काय चाललंय? म्हणाला, "काय नाय, आत्या. भगतानं सांगितलं म्हनून काकीनं सकाली त्या झाकनावरच समई लावलीय. हलदीपरेंत इजू द्यायची नाय."

मीनाला फोन लावतेय, उचलत नाही. मांडवात बेंजोचा बाजा लागला असेल, ऐकू जात नसेल. फायर ब्रिगेडला सांगितलंय, गाडी निघतेय म्हणाले. हे पत्र शिवाच्या हाती देत नाही, मीच त्याच्या रिक्षात बसते आहे. तुला ते माझ्याच हातून मिळेल. अंगणात पाय ठेवताना अडवू नकोस.