पाहुण्याचा ट्रक

२ फेब्रुवारी

चहा टाकला, उकळला, गाळला, प्यायले, कप विसळून पालथा घातला — आणि पडद्यावर ते चक्र अजून फिरतंच आहे! ही काय तऱ्हा झाली? दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे, 'हे स्पष्ट की ते स्पष्ट' विचारून घसा कोरडा करायचा, आणि घरी येऊन घटकाभर खेळावं म्हटलं तर कन्सोलची ही नाटकं. वर बाबांचा शेरा — "तुझं डबडं माझ्याहून म्हातारं झालंय." मी हसले. आई हसली नाही. ऑक्टोबरपासून आई हसतच नाही फारशी.

ठरलं. आतली हार्डडिस्क काढायची आणि तिच्या जागी वेगवान एसएसडी बसवायची. कुणाकडे न्यायचं नाही. स्वतः!

५ फेब्रुवारी

आणली. एवढीशी! हातात धरली तर वजनच लागेना, मला वाटलं रिकामा डबाच दिला की काय. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आधी आतलं सगळं कॉपी करून घ्या हं. नंतर रडत येतात लोक." म्हटलं, मी रडणाऱ्यांतली नाही.

संध्याकाळी पेनड्राइव्ह लावून बसले. हे यंत्र भारी आखडू आहे — ज्याचं खातं, त्याच्या खात्यात शिरल्याशिवाय त्याचे सेव्ह केलेले खेळ कॉपीच करू देत नाही. खाती निघाली दोन. एक माझं. दुसऱ्याचं नाव 'पाहुणा', करडा चेहरा, फोटोबिटो काही नाही. मामेभाऊ उन्हाळ्यात राहून गेला, त्याचंच असणार. तो कुठला परत येतोय आता! दिलं सोडून.

बाबा दारात घुटमळत होते. "त्यातलं सगळं राहील ना नीट?"

"राहील."

"सगळं म्हणजे सगळं ना?"

"बाबा, तुम्हाला कधीपासून डबड्याची काळजी?"

ते आत गेले.

६ फेब्रुवारी

जमलं! जमलं! जमलं!

मोठा स्क्रू बाबांच्या पेचकसाने निघाला, बाकीचे बारके मात्र चष्म्याच्या दांड्या आवळायच्या दुकानातल्या पेचकसानेच वठणीवर आले. बाबांना टॉर्च धरायला बसवलं होतं. मी डावीकडे काम करतेय आणि उजेड भलतीकडेच! "बाबा, इकडे, अहो इकडे!" तीनदा सांगावं लागलं. त्यांना कंटाळा आला असावा.

मग नवी डिस्क बसवली, यंत्रणा परत भरली, माझे खेळ परत घातले. आणि काय तो वेग! बटण दाबलं की खेळ हजर. मी अक्षरशः "अगंबाई!" असं ओरडले. आईला वाटलं शॉक बसला.

जुनी हार्डडिस्क फुकट कशाला घालवायची? तिला बाहेरून जोडायच्या डबीत घालून कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटर म्हणतो, ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? कर बाबा. केली, आणि घरातले झाडून सगळे जुने फोटो तिच्यावर टाकले. एका संध्याकाळी एवढी कामं! स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतली.

९ फेब्रुवारी

आज घडलं ते नीट लिहिते.

दुकानात वीज गेली म्हणून दुपारीच घरी आले. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर आतून टीव्हीचा आवाज. आणि सोफ्यावर — बाबा! हातात माझा कंट्रोलर! तोही उलटा धरलेला! आई शेजारी उभी, हात तोंडावर, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, कुणीतरी गेलं. फोन आला असेल.

"काय झालं?"

बाबांनी एकदा आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझा ट्रक कुठे गेला?"

"कुठला ट्रक?"

"लाल. यात होता. 'पाहुणा' म्हणून दाबलं की यायचा. आता पाहुणाच नाही."

पाहुणा म्हणजे मामेभाऊ नव्हे. पाहुणा म्हणजे माझे बाबा! जे या वस्तूला डबड्याशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारत नाहीत, ते! मी दुकानात गेले की रोज दुपारी इथे सामानाचा ट्रक हाकला जायचा. आधी एक खटारा टेम्पो, मग एक बरा टेम्पो, मग स्वतःचा लाल ट्रक, स्वतःचं गॅरेज. घाटातून बंदरापर्यंत माल पोचवायचा. "आणि एक ओरखडा नाही," बाबा म्हणाले. म्हणताना परत आईकडे बघितलं.

मी सांगून टाकलं. पुसला गेला. मीच पुसला.

बाबा म्हणाले, "बरं." आई म्हणाली, "जाऊ दे. खेळच तो." आणि न्हाणीघरात गेली. नळ कितीतरी वेळ चालू होता. बाबांच्या दुःखाने आई रडते, हे मी आजवर पाहिलं नव्हतं.

१० फेब्रुवारी

गाडीची चावी माझ्या पर्समध्ये असते. आज काढताना चटका बसल्यासारखं झालं.

ऑक्टोबरात आमची गाडी शेजारच्या प्रोफेसरांच्या फाटकावर जाऊन आदळली. आवाज ऐकून सगळी गल्ली गोळा. मी धावत गेले तर बाबा गाडीशेजारी उभे, आणि आई पायरीवर बसलेली, घामाघूम. बाबा म्हणाले, "ब्रेक समजून दुसऱ्यावर पाय पडला." ज्या माणसाने उभा जन्म कंपनीची बस चालवली, त्याचा पाय चुकला! माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. "आज फाटक आहे, उद्या कुणाचं पोर असेल," असं ओरडले. सगळ्यांसमोर. गाडी मागे घ्यायला आत बसले तर गुडघे स्टिअरिंगवर आपटले — सीट पार पुढे ओढलेली, पाठीशी सोफ्यावरची उशी. आणि बाबा माझ्याहून वीतभर उंच! "असं बसून गाडी चालवतात? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" हेही बोलले. मग हात पुढे केला. त्यांनी चावी माझ्या तळहातावर ठेवली, एका शब्दाने वाद न घालता.

म्हणजे खरी गाडी मी काढून घेतली, आणि त्यांनी मुकाट्याने खोटी शोधली, तर तीही मीच पुसली. काय माणूस आहे मी!

११ फेब्रुवारी

दुपारच्या सुट्टीत डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे पळाले. त्याने जोडली, बघितली, चहाचा घोट घेतला.

"फॉरमॅट केलीत?"

"हो."

"वर काही भरलंत?"

"फोटो."

"मॅडम, त्या यंत्राचं कुलूप वेगळं असतं. कॉम्प्युटरला ते वाचता येत नाही, म्हणून तो फॉरमॅट करू का विचारतो. नाही म्हणायचं असतं. नुसती ठेवून दिली असतीत तर परत आत घालून सगळं जसंच्या तसं मिळालं असतं."

"आता?"

"आता विसरा."

जसंच्या तसं! नुसती कपाटात ठेवली असती तर! रस्त्यातच रडू फुटलं. म्हणे मी रडणाऱ्यांतली नाही. आणि वर फोटो कुठले भरलेत? सहलींचे. निम्म्या फोटोंत बाबाच, स्टिअरिंगवर हात, खिडकीतून हसणारे.

१३ फेब्रुवारी

आई दुपारची झोपते म्हणायची. आज दुपारी जेवायला घरी आले तेव्हा कळलं, ती झोपतही नाही. नुसती टीव्हीसमोर बसून राहते, टीव्ही बंद. मी विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय!"

१५ फेब्रुवारी, रविवार

आज बाबांना जबरदस्तीने बसवलं. नवं खातं काढलं, त्यावर 'बाबा' असं नाव घातलं. म्हटलं, पुन्हा टेम्पोपासून सुरुवात करू, मी बसते शेजारी, लाल ट्रक मिळेपर्यंत उठायचं नाही. "नको गं," "राहू दे गं," "डोकं दुखतंय गं" — सगळं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कंट्रोलर हातात दिला. या वेळी सुलटा.

सरळ रस्त्यावर झकास. पहिल्या चौकात डावीकडून गाडी आली, धडाम! पुन्हा. धडाम! उजवीकडचा लाल दिवा सरळ ओलांडून गेले. "बाबा, मुद्दाम करताय का?" आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई ओरडली, हातात अर्धवट चिरलेली काकडी — "आरसा! आधी आरसा बघा, मग मागचं बटण हळू सोडा, एकदम नाही!"

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. ती आत निघून गेली. बघून बघून पाठ झालं असेल, असं मला वाटलं. कारण माझं लक्ष आता दुसरीकडे होतं. दोन्ही वेळा गाडी बाजूने आली होती. दिवा बाजूला होता. तो टॉर्च! टॉर्चचा उजेड!

टीव्ही बंद केला. "बाबा, माझ्या नाकाकडे बघा. मान हलवायची नाही. बोटं दिसली की सांगा." हात त्यांच्या दोन्ही बाजूंना नेले आणि बोटं हलवत हळूहळू माझ्या चेहऱ्याकडे आणत गेले. खांद्यापाशी — काही नाही. कानापाशी — काही नाही. बोटं जवळजवळ माझ्या गालाला टेकली तेव्हा म्हणाले, "हं. आता दिसली."

पेपर वाचतात, टीव्हीवरची खालची बारीक पट्टी वाचतात, सुईत दोरा ओवतात! समोरचं सगळं दिसतं. कडाच गेल्यात. दिवसभर परक्या माणसांचे डोळे बघणारी मी, आणि माझ्या घरात, माझ्या समोर जेवायला बसणाऱ्या माणसाचे —

पुढे लिहवत नाही.

१६ फेब्रुवारी

आमच्या दुकानातल्या डॉक्टरीणबाईंकडेच नेलं. काचबिंदू. "गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकवायचं. थेंब लगेच सुरू करू." यावर बाबांनी शांतपणे खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. "हेच का?"

हेच!

म्हणजे वर्षभर चालू आहेत. दुसऱ्या डॉक्टरकडून. बाटली फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागे, आणि आई रोज माझी पाठ वळली की थेंब घालते. मी तोच फ्रिज दिवसातून दहा वेळा उघडते! बाहेर आल्यावर स्फोट झाला.

"मला का नाही सांगितलं?"

"तू गाडीची चावी काढून घेतली असतीस."

"ती तर मी घेतलीच!"

बाबांना हसू आलं. मला आलं नाही. पण मनाशी म्हटलं — चावी घेतली ते योग्यच झालं. डोळ्यांमुळेच ते फाटक ठोकलं गेलं. चूक माझी नव्हती. जरा बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

पण मग तो लाल ट्रक? ज्याला एक चौक धड ओलांडता येत नाही, त्याने घाटातून बंदरापर्यंत ओरखड्याविना कसा नेला? विचारलं. बाबा म्हणाले, "सवय गं." आणि पेपर तोंडासमोर धरला.

२१ फेब्रुवारी

आज परत डोळे दाखवायला निघालो, तिघंही. खाली आल्यावर आई न विचारता ड्रायव्हरच्या बाजूने आत बसली. सीट खडखड पुढे ओढली, पार पुढे, आणि काखेतली सोफ्यावरची उशी पाठीशी ठेवली. अगदी ऑक्टोबरात होती तशी.

"शिकाऊ परवाना काढलाय मागेच. ह्यांचे डोळे चाललेत हे कळलं तेव्हा ठरवलं, कुणाच्या पाया पडायचं नाही, मीच शिकायचं," आई म्हणाली. "फाटक मी ठोकलं होतं. ह्यांनी मला बाहेर काढून पायरीवर बसवलं आणि माझ्या जागी स्वतः उभे राहिले. त्यानंतर खरी गाडी मिळेना, म्हणून ट्रक घेतला. तोही माझाच होता." मग हात पुढे केला. "चावी दे."

बाबा मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी चावी आईच्या तळहातावर ठेवली.